लाद्या निवडल्यात, पण चिकटवणार कशाने?

गेले दोन महिने कल्याणच्या भाचीकडून मला लाद्यांचे फोटो येत होते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नव्यानं करायचं घाटत होतं. "मावशी, राखाडी बरी की बदामी?" इथपासून "चकचकीत घेऊ की खरखरीत?" इथपर्यंत सगळ्या प्रश्नांवर घरात परिषदा झाल्या, सासूबाईंचं मत घेतलं गेलं आणि शेवटी दोन बाय चार फुटांच्या राखाडी व्हिट्रिफाइड लाद्या ठरल्या. काम सुरू व्हायच्या आदल्या रात्री फोन आला, "मावशी, मिस्त्री म्हणतो सिमेंटमध्येच बसवू, दुकानदार म्हणतो केमिकल घ्या. कोणाचं ऐकू?"

दोन महिने रंगाला आणि एक रात्र चिकटवण्याला! पण भाचीला हसण्यात अर्थ नाही, बहुतेक घरांत हे असंच होतं. मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या कमिटीवर काही वर्षं काम केलं. घरात तोडफोड करायची तर सभासदाचा अर्ज कमिटीकडे येतो. असे कितीतरी अर्ज मी वाचले, आणि आयुष्यभर निबंध तपासल्यामुळे बारकाईनं वाचले. "जुनी लादी काढून नवीन बसवणे" एवढं एक वाक्य असायचं. नवीन लादी कशानं चिकटणार, जुनी काढणार की तिच्यावरच बसवणार, वजन किती वाढणार, याबद्दल एक अक्षर नसायचं. आणि आम्हीही कमिटीवाले त्यावर सही-शिक्का मारून मोकळे व्हायचो, कारण फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. मी इंजिनियर नाही, मराठी माध्यमातून बी. ए. झालेली शिक्षिका आहे. पण हा विषय समजायला इंजिनियर असावं लागत नाही. माझं म्हणणं एवढंच की "सिमेंट की केमिकल" हा प्रश्न मिस्त्री आणि दुकानदार यांच्यावर सोडून देण्याचा नाही. तो घरातल्यांनी लाद्या निवडतानाच विचारायचा आहे. आणि इमारत जुनी असेल तर सोसायटीनंही विचारायचा आहे.

आपल्या पिढीनं पायाखाली काय काय पाहिलं बघा. शेणानं सारवलेली जमीन, मग कोबा, मग शहाबादी फरशी. १९२२ साली मुंबईत भारत टाइल्सची सुरुवात झाली आणि सिमेंटच्या नक्षीदार लाद्या आपल्या देशात बनू लागल्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत त्या काळच्या लाद्या अजून पाहायला मिळतात. पुढे मोझेक आलं, कोटा आला, ओट्याला कडप्पा आला, आणि न्हाणीघरात कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या चौकोनी टाइल्स आल्या. या सगळ्यांची पाठ खरबरीत असे आणि कमी-जास्त पाणी पीत असे. गवंडी त्या पांढऱ्या टाइल्स आधी पिंपात भिजत घालायचे, आठवतंय का? कोरडी टाइल लावली तर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. भिजवलेली टाइल तेवढी आधाशी राहत नाही. मग सिमेंटचा रस तिच्या पाठीच्या बारीक छिद्रांत शिरतो, तिथेच त्याचे स्फटिक वाढतात आणि झाडाच्या मुळांसारखे रुतून बसतात. सिमेंटनं टाइल धरणं म्हणजे हेच.

मग व्हिट्रिफाइड लाद्या आल्या. गुजरातेतल्या मोरबीहून ट्रकच्या ट्रक भरून येतात त्या. खूप तापमानाला भाजल्यामुळे त्या काचेसारख्या घट्ट झालेल्या असतात. भिंतीला लावायची साधी सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते, तर व्हिट्रिफाइड जास्तीत जास्त ०.५ टक्का. म्हणजे निदान वीसपट फरक. हा तिचा गुणच आहे, म्हणून तर तिच्यावर हळदीचा डाग बसत नाही. पण ज्या गुणामुळे डाग आत शिरत नाही, त्याच गुणामुळे सिमेंटही आत शिरत नाही. साधा सिमेंटचा माल तिच्या पाठीला टेकतो, तिला धरत नाही. जमिनीवर ती आपल्या वजनानं पडून राहते, म्हणून काही वर्षं कळत नाही. मग एक दिवस खुर्ची सरकवताना डबडब आवाज येतो, कोपरा वर येतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय त्याला अडखळतो. भिंतीवर तर पडून राहण्याची सोयच नाही. दोन बाय चार फुटांची, नऊ मिलिमीटर जाडीची लादी जवळजवळ पंधरा किलोची असते. न्हाणीघराच्या भिंतीवरून ती सुटली तर खाली कोण आंघोळीला बसलं असेल याचा विचार करा.

आता "केमिकल" म्हणजे काय ते पाहू. नाव ऐकून आपल्याला काहीतरी जहाल वाटतं, पण नेहमीचं टाइल अ‍ॅढेसिव्ह म्हणजे मुख्यतः सिमेंट आणि चाळलेली बारीक रेतीच असते. त्यात दोन गोष्टी थोड्या प्रमाणात घातलेल्या असतात. एक, सेल्युलोजपासून केलेली पूड. सब्जाचं बी जसं पाणी धरून ठेवतं तशी ती पाणी धरते. त्यामुळे थर तीन-चार मिलिमीटर एवढा पातळ असला तरी तो लगेच सुकत नाही आणि सिमेंटला घट्ट व्हायला वेळ मिळतो. म्हणून या पद्धतीत लादी भिजवायची नसते. दुसरी गोष्ट म्हणजे पॉलिमरची पूड. जर्मनीतल्या वाकर कंपनीनं अशी पाण्यात पुन्हा विरघळल्यासारखी पसरणारी पूड १९५७ साली तयार केली. फेव्हिकॉल वाळला की त्याचा चिवट पापुद्रा होतो, तसा तिचा पापुद्रा सिमेंटच्या कणांमध्ये तयार होतो. गुळगुळीत पाठीलाही तो धरतो आणि थोडा लवतोही. म्हणजे सिमेंट विरुद्ध केमिकल असं भांडण मुळात नाहीच. सिमेंटला जिथे एकट्याला जमत नाही तिथे त्याला दिलेली ही मदत आहे.

पण "अ‍ॅढेसिव्ह द्या" एवढंच म्हटलं की काम संपत नाही. पिशवीवर आयएस १५४७७ हा आकडा शोधा. हे या वस्तूचं भारतीय मानक २००४ साली आलं आणि २०१९ साली सुधारलं गेलं. त्यात पाच प्रकार आहेत. पहिला घरातल्या जमिनीवरच्या साध्या सिरॅमिकसाठी. पुढचे व्हिट्रिफाइड, भिंती, दगड, उघड्यावरच्या जागा अशा चढत्या अवघड कामांसाठी. प्रकारापुढे टी हे अक्षर असेल तर भिंतीवर लावलेली लादी खाली घसरणार नाही अशी सोय त्यात आहे. एस हे अक्षर असेल तर ते लवचीक आहे. दुकानदार पुष्कळदा पहिल्या प्रकाराची पिशवी पुढे करतो, कारण ती स्वस्त असते आणि गिऱ्हाईक फक्त भाव विचारतं. स्वस्त पिशवीही आपल्या जागी चांगलीच असते. फक्त ती जागा तुमच्या न्हाणीघराची भिंत आहे का, हे तपासायला हवं.

मी भाचीला तीन प्रश्न विचारायला सांगितले. तुम्हालाही तेच सांगते.

पहिला, लादी कशी आहे? किती पाणी पिते आणि केवढी मोठी आहे? लहान सिरॅमिक असेल तर साधा प्रकार चालतो. मोठी व्हिट्रिफाइड असेल तर वरचा प्रकार हवा. पांढरा संगमरवर किंवा काचेचं मोझेक असेल तर अ‍ॅढेसिव्हही पांढरं घ्या, राखाडी रंग आरपार दिसतो. काही हिरवे संगमरवर पाण्यानं वाकडे होतात, त्यांना पाणी न लागणारं इपॉक्सीचं अ‍ॅढेसिव्ह लागतं.

दुसरा, लादीच्या मागे काय आहे? सिमेंटचं प्लास्टर असेल तर उत्तम. पण नव्या फ्लॅटमध्ये भिंतींना जिप्समचा गिलावा असतो. त्यावर सिमेंटचं अ‍ॅढेसिव्ह थेट लावलं तर दोघांची रासायनिक भांडणं होतात आणि थर सुटतो. आधी प्रायमर हवा. पुट्टी किंवा ऑइलपेंट असेल तर तो खरवडूनच काढायला हवा, नाहीतर लादी भिंतीला न चिकटता रंगाला चिकटते आणि रंगासकट खाली येते. जुन्या टाइलवर नवी लावायची तर जुनी आधी टकटक वाजवून बघा. जी स्वतःच पोकळ आहे ती दुसरीला काय आधार देणार?

तिसरा, लादी कुठे राहणार आहे? आपल्याकडे गच्ची आणि पश्चिमेची बाल्कनी मे महिन्यात तापून निघते आणि जूनमध्ये तिच्यावर धो धो पाऊस पडतो. लादी प्रसरण पावते, आकुंचन पावते. तिथे लवचीक प्रकार हवा आणि दोन लाद्यांमध्ये फटही हवी. हल्ली "सांधा दिसता कामा नये" अशी हौस असते. लाद्या एकमेकींना खेटून लावल्या की फुगायला जागा मिळत नाही आणि मग त्या मधेच तंबूसारख्या उभ्या राहतात. दोन-तीन मिलिमीटरची फट आणि तिच्यात ग्राउट, एवढं तरी सोडाच.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले त्या मुद्द्याकडे येते.

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी या तळमजला अधिक चार मजल्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांना घेऊन तळाशी गेला. सहा माणसं गेली, त्यात एक अगदी तान्ही मुलगी होती. चौथ्या मजल्यावरच्या घरात लादीचं काम चालू होतं, असं बातम्यांत आलं. अशा दुर्घटनेला एकच कारण नसतं. धडधाकट स्लॅब लादीच्या कामानं पडत नाही, तो आधीच आतून खचलेला असणार. आणि तिथे माल कोणता वापरला याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. पण ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे आपल्यातले कितीतरी जण तशाच चार मजली जुन्या इमारतींत राहतात, आणि दर दिवाळीच्या आधी अशा इमारतींत कुठे ना कुठे लादीचं काम चालू असतं. त्या बातमीनंतर मी वही-पेन्सिल घेऊन एक गणित मांडलं. सातवीच्या मुलाला येईल असं आहे.

शंभर चौरस फुटांची खोली म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. त्यात पाच सेंटिमीटर जाडीचा सिमेंट-रेतीचा माल पसरला तर चौरस मीटरला सुमारे १०० किलो, म्हणजे खोलीत ९३० किलो. त्यावर व्हिट्रिफाइड लादीचे चौरस मीटरला सुमारे २० किलो, म्हणजे आणखी १८५ किलो. एकूण अकराशे किलोंच्या वर. तीच लादी पाच मिलिमीटर अ‍ॅढेसिव्हवर बसवली तर अ‍ॅढेसिव्हचे सुमारे ७५ किलो आणि लादीचे १८५, मिळून २६० किलो. जुनी लादी तशीच ठेवून वर नवी बसवायची असेल तर एका पद्धतीत तुम्ही स्लॅबवर एक टनाहून जास्त ओझं घालता, दुसरीत पाव टनाच्या आसपास.

आता हे ओझं कशाशी ताडून बघायचं? आयएस ८७५ या मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी माणसं आणि सामान यांचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो धरलेला आहे. लादीची तरतूद त्याहून वेगळी असते, पण ती पहिल्या लादीनंच वापरलेली असते. मग जुन्या लादीवर मालात बसवलेली दुसरी लादी चौरस मीटरला १२० किलो वाढवते. म्हणजे माणसं आणि सामानासाठी ठेवलेल्या जागेतली निम्म्याहून जास्त जागा तिनंच खाल्ली. मग कपाटं, पलंग, पाण्याचे पिंप आणि गणपतीला जमलेले तीस पाहुणे कुठे मावणार?

या हिशेबानं जुन्या इमारतीत अ‍ॅढेसिव्ह हा टिकाऊपणाचा प्रश्न राहत नाही, ती वजन कमी ठेवण्याची गोष्ट होते. माझं मत स्पष्ट आहे. वरच्या मजल्यांवर जुन्या लादीवर मालात नवी लादी बसवायला सोसायटीनं परवानगी देऊच नये. अ‍ॅढेसिव्हवर बसवायची असेल तरी एकदाच, आणि तीही स्लॅब बघून. "केमिकल हलकं असतं, चालतं" म्हणून तीन-तीन थर चढवणं हाही अविचारच.

"मग जुनी लादी काढूनच टाकू" असं तुम्ही म्हणाल. ते उत्तम, पण कशानं काढणार? ब्रेकरचा धडधडाट गंज लागलेल्या सळयांच्या स्लॅबला मानवत नाही. छिन्नी-हातोड्यानं वेळ लागतो, पण तो लागू द्यावा. काढलेला राबिट खोलीच्या मध्यावर ढीग करून ठेवू नये, रोजच्या रोज खाली उतरवावा. नव्या लाद्यांचे खोकेही एका कोपऱ्यात रचू नयेत. एक खोका २७-३० किलोंचा असतो, असे चाळीस खोके म्हणजे पुन्हा टनाची भाषा आली. खोके चारी भिंतींच्या कडेनं पसरून ठेवावेत.

आता मिस्त्रींबद्दल. "मॅडम, पचीस साल से सिमेंट में लगा रहा हूँ" असं ते सांगतात तेव्हा खोटं बोलत नसतात. त्यांचा हात ज्या लादीवर तयार झाला ती लादी बदलली, एवढंच. शिवाय आपण त्यांना चौरस फुटावर पैसे देतो आणि मग "वेळ घेऊन नीट करा" म्हणतो. अ‍ॅढेसिव्हचं काम घाईत बिघडतं. पूड मोजक्या पाण्यात कालवायची, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा कालवायची. घट्ट होऊ लागली की वरून पाणी घालायचं नाही. दातेरी थापीनं सरळ रेघा ओढत थर पसरायचा. मोठ्या लादीच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. पसरलेला थर उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटांतच वरून सुकतो. बोट लावून बघायचं, बोटाला काही लागलं नाही तर तो खरवडून टाकायचा. हे न करता लादीच्या पाठीला पाच लाडू ठेवून ती भिंतीवर दाबली की काम झटपट होतं, पण लाडवांच्या मधली जागा पोकळ राहते. तिथेच पुढे लादी तडकते आणि पाणी साचतं. उत्तम पिशवी आणून पाच लाडवांवर लावलेल्या लादीपेक्षा मध्यम पिशवी नीट पसरून लावलेली लादी जास्त टिकेल. या कामापुरती रोजंदारी ठरवा, चहा द्या, आणि पहिल्या तासात एक लादी लावल्या लावल्या उचलून तिची पाठ बघा. माल सगळीकडे लागला असेल तर पुढे निर्धास्त राहा.

आणखी एक गैरसमज. अ‍ॅढेसिव्ह म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. "केमिकल लावलंय, आता गळणार नाही" हे वाक्य मी कमिटीच्या बैठकीत ऐकलेलं आहे, आणि त्याच वेळी खालच्या घरातल्या बाई छताच्या ओल्या पोपड्यांचे फोटो दाखवत होत्या. पाणी अडवणारा थर लादीच्या आधी, वेगळा द्यावा लागतो. तो दिल्यावर पाणी तुंबवून ठेवून दोन दिवस खालच्या घरात जाऊन छत बघायचं, आणि मगच लादी बसवायची. गळतीचा त्रास शेजाऱ्याच्या छतापुरता राहत नाही. त्याच पाण्यानं सळया गंजतात आणि पुढे स्लॅब खचतो.

मग सिमेंटचा माल बादच करायचा का? अजिबात नाही. तळमजल्यावर, अंगणात, जिथे जमीन वरखाली आहे तिथे, कोटा आणि शहाबादीसारख्या जाड, खरबरीत पाठीच्या दगडाला मालाची गादीच योग्य. अ‍ॅढेसिव्हचा पातळ थर खड्डे बुजवण्यासाठी नसतो. दोन इंचांची कसर अ‍ॅढेसिव्हनं भरून काढणारे लोक पाहिले की तुपानं चूल सारवल्यासारखं वाटतं. जिथे जे शोभतं ते तिथे वापरावं.

शेवटी एक सूचना, खास करून ज्यांच्याकडे सोसायटीच्या फाइली आहेत अशा नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना. दुरुस्तीच्या अर्जात पाच ओळी वाढवा. जुनी लादी काढणार की नाही. काढणार असल्यास कशानं. नवी लादी कोणती आणि किती जाड. ती कशावर बसणार, मालावर की अ‍ॅढेसिव्हवर, आणि थर किती. राबिट कधी आणि कुठे नेणार. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. ते झालेलं नसेल तर वरच्या मजल्यावरचा लादीचा अर्ज ते होईपर्यंत बाजूला ठेवा. लोक रागावतील. "आमच्या घरात आम्ही काय लावायचं हे तुम्ही कोण सांगणार?" असं तोंडावर विचारतील. त्यांना शांतपणे सांगा की त्यांची जमीन हेच खालच्या घराचं छप्पर आहे.

तुमच्या सोसायटीत या बाबतीत काय पद्धत आहे, अर्जात काय विचारतात, ते जरूर कळवा. आमच्या कमिटीतल्या नव्या मुलांना मी हे पाच रकाने लिहून दिले आहेत. पुढच्या बैठकीत विषय येणार आहे. बघू या.